गचका पायात असते

आमच्या गल्लीतल्या सोनाजीभाऊंच्या मोटारीत मागच्या सीटवर कायम एकच उतारू असे. तो म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी गंज. गंज म्हणजे आमच्याकडे भात-वरण शिजवायचं उभट भांडं. सोनाजीभाऊ आडाचं पाणी काढून तो स्वतः भरत, दोन्ही हातांनी धरून श्वास रोखून आणत आणि सीटवर पोत्याची चुंबळ करून तिच्यात बसवत. मग अनवाणी पायांनी पुढे येऊन बसत आणि मोटार सुरू करत. फेरी मारून आले की आधी मागचं दार उघडत, गंजात बोटं बुडवत आणि किती पाणी सांडलं ते बघत.

"चार बोटं," ते म्हणत. "लिवा बाबूजी."

बाबूजी म्हणजे मी. मी लिहून घेत असे, पण बोटं नव्हे. त्यांची बोटं जन्मभर मळ्यात राबलेली. त्यांची चार बोटं माझ्या फूटपट्टीवर सव्वातीन इंच भरत. मी सव्वातीन इंच लिहीत असे. यावरून आमचे दोनदा वाद झाले आणि दोन्ही वेळा मी हटलो नाही.

या गंजाबद्दल गल्लीत तीन मतं होती. किराणा दुकानदार म्हणे, इंजिन तापलं तर ओतायला पाणी लागतं. पण ते ओतताना कोणी पाहिलं नव्हतं. मारुतीचा पुजारी म्हणे, नवस असेल. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणे, "तीस वर्सं बैलं हाकलले सोनाजीनं. आता मोटारीले पाणी दाखवून आणते." हे मत सर्वांना पटलं, कारण त्यावर हसता येत होतं.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्याला काही अक्कल लागली नाही. मी सरळ विचारलं होतं.

हे धामणगाव बढ्याचं सांगतो आहे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली असतील. मी रस्त्याच्या खात्यात कारकून. धामणगावहून मोताळा आणि तिथून राजूर घाट चढून बुलढाणा, या पंचवीस मैलांचं दप्तर माझ्याकडे होतं. कोणत्या फर्लांगात रस्त्याखालून पाणी जायची मोरी आहे, कुठे खडी उखडली आहे, हे मला पाठ होतं. त्या दिवसांत मैलाचे दगड काढून किलोमीटरचे बसवायचं काम चाललं होतं. काही ठिकाणी दोन्ही दगड शेजारी उभे असत आणि माणसं आपल्याला सोयीचा वाचत. दगड बदलला तरी अंतर तेवढंच आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे. कोणाला त्याचं फारसं काही वाटत नसे.

सोनाजीभाऊ माझ्या उजव्या हाताचे शेजारी. वय बावन्न. गावाबाहेर ओढ्याला लागून त्यांचा चार एकर मळा. वांगी, मिरची, कोथिंबीर, हिवाळ्यात कोबी. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि चंद्रभागाबाई, एवढी दोनच माणसं. त्यांतल्या चंद्रभागाबाई सव्वा वर्षापासून बुलढाण्याच्या दवाखान्यात पाठीवर पडून होत्या. मणक्याचा क्षय. छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टर.

त्यांना तिथे नेलं तो दिवस सोनाजीभाऊंनी मला एकदाच सांगितला. एस.टी.त झोपवून नेता येईना. बैलगाडीचा प्रश्नच नव्हता. म्हणून मलकापूरहून भाड्याची मोटार आणली. ड्रायव्हर वाईट नव्हता, पण त्याला संध्याकाळच्या आत परतायचं होतं. प्रत्येक मोरीवर मोटार उडे आणि मागे चंद्रभागाबाईंच्या तोंडून आवाज येई. सोनाजीभाऊ म्हणत, दमानं घे बापा. तो म्हणे, मी काय करू काका, रस्ताच तसा आहे.

"वीस मैल तिचा आवाज आयकला म्या," सोनाजीभाऊ म्हणाले. "आन् मंग घाटात थो बंद झाला. मले वाटलं, गेली. मांगं वळून पायलं तं तिनं पदर तोंडात कोंबला होता."

 मग म्हणाले, "थो म्हणे रस्ता तसा हाय. मी तुमाले सांगतो बाबूजी, गचका रस्त्यात नसते. गचका पायात असते."

हे वाक्य पुढे वर्षभर मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद माझ्याकडे नाही. ते भाजी तोलताना म्हणत, हजामतीला बसल्यावर म्हणत, एकदा तर मारुतीच्या देवळात आरती चालू असताना मध्येच शेजारच्याला म्हणाले.

त्यांचा बेत साधा होता. चंद्रभागाबाईंना कधी ना कधी घरी आणायचं आहे. ते दुसऱ्याच्या पायांवर आणायचं नाही. विहिरीवर नुकतंच तेलाचं इंजिन बसलं होतं, बैलांनी पाणी ओढायची मोट बंद झाली होती, तेव्हा मोटेची बैलजोडी त्यांनी विकली आणि मलकापूरच्या एका वकिलाची जुनी काळी मोटार घेतली. तिचं डावं मागचं दार सुंभाने बांधलेलं होतं आणि हातब्रेक नावालाच होता. पण स्प्रिंगा चांगल्या होत्या. सोनाजीभाऊंनी वकिलाच्या वाड्यासमोर ती मागच्या बाजूने सात-आठ वेळा दाबून पाहिली होती. इंजिन त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

शिकवायला उस्मानचाचा मिळाले. चाचा पूर्वी सरकीच्या लॉरीवर होते. एक गुडघा धरल्यामुळे घरी बसले होते. बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या मैदानात शिकवणी चाले. मी हजेरी लावत असे, कारण सोनाजीभाऊंना नोंद हवी होती आणि नोंद ठेवणारा दुसरा कोणी त्यांच्या ओळखीचा नव्हता.

पहिल्या दिवशी इंजिन एक्केचाळीस वेळा बंद पडलं. मोटार पुढे जाईना. क्लचवरचा पाय सोनाजीभाऊ असा उचलत की जणू खाली विंचू आहे. मोटार एक उडी मारून मरे. आणि गंज? पहिल्या दिवशी गंज भिजलेल्या सीटवर आडवा पडलेला होता. मी नोंदीत 'शिल्लक नाही' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट घडली. चाचांनी सहज म्हणून मागचा गिअर टाकायला सांगितला. सोनाजीभाऊंनी खांद्यावरून मागे पाहिलं, जिभेने टाळ्याला टक-टक आवाज केला, आणि मोटार मागे निघाली. सरळ, संथ, दोरीने ओढल्यासारखी. मैदानाच्या टोकापर्यंत गेली, चिंचेला वळसा घालून मागच्या मागेच परत आली. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. गंजातलं पाणी पाऊण इंचसुद्धा उतरलं नव्हतं.

उस्मानचाचांनी उतरून गंजात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "सोनाजीभाऊ, पीछे तो तुम्हारे जैसा जिल्हे में कोई नहीं चलाता. अब जरा आगे का भी सोचो."

याचा उलगडा मला घरी आल्यावर झाला. मोटेचे बैल भरलेली मोट ओढत धावेच्या उतारावरून खाली जातात, मोट रिकामी झाली की त्यांना तसंच मागे मागे चालवत विहिरीपर्यंत आणायचं असतं. पुढे जायला बैलांना कोणी शिकवावं लागत नाही. सगळं कसब मागे आणण्यात. सोनाजीभाऊंनी हे तीस वर्षं, दिवसाला दोन-अडीचशे वेळा केलेलं. खांद्यावरून मागे पाहणं हीच त्यांची पुढे पाहायची रीत झाली होती.

पुढचे आठ दिवस गावाने एक मोटार फक्त मागे जाताना पाहिली. ते मळ्यात मागच्या मागे जात आणि घरी येताना तसंच येत. शिंप्याने मशीन बंद करून विचारलं, "सोनाजीभाऊ, घरी येऊन राह्यले का चालले?"

"तुले काऊन पायजे?" सोनाजीभाऊ म्हणाले. "गचका बसून राह्यला का तुले?"

पण मागच्या गिअरमध्ये पंचवीस मैल जाता येत नाही. हे चाचांनी सांगितलं, मीही सांगितलं. क्लच हळू कसा सोडायचा, हे चाचांनी दहा तऱ्हांनी समजावलं. एकदा म्हणाले, "सोया हुआ बच्चा होता है ना, उसके सर के नीचे से हाथ कैसे निकालते हो? बस, वैसे पैर छोड़ो."

सोनाजीभाऊंनी दोन्ही हात चक्रावर ठेवले आणि समोर पाहत म्हणाले, "मले लेकरू नाही चाचा. दुसरं काई सांगा."

 त्या दिवशीची शिकवणी तिथेच संपली.

शेवटी तोड त्यांनी स्वतःच काढली. सकाळी मी दात घासत होतो तेव्हा कुंपणापाशी येऊन म्हणाले, "बाबूजी, सापडलं. मोट भरून वर आली का बैलं एकदम थांबवले तं मोट चाकावर आपटते. दमानं थांबवले तं मोट थरथरते अन् मंग वतते. थे थरथर असते ना, थेच हाय हे. तिथीसा पाय थांबवाचा." त्या दिवशी इंजिन सहा वेळा बंद पडलं. एकोणिसाव्या दिवशी एकदाही नाही. ते चपला घालून चालवत नसत. चाचांनी कारण विचारलं तर म्हणाले, "पायात जोडा आला का जमीन मुकी होते." दर वेळी गिअर बदलताना ते गिअरच्या दांडीला म्हणत, "घे माय." मऊ आवाजात. गिअर जर खरखरला तर कानाची पाळी धरत.

परवान्याची परीक्षा घ्यायला मोटार तपासणारे साहेब महिन्यातून एकदा मलकापूरला येत. त्यांनी सोनाजीभाऊंना दोन पिंपांच्या मधून मोटार मागे घ्यायला सांगितली. भल्याभल्यांचं तिथे अडत असे. सोनाजीभाऊंनी विचारलं, "कितीक डाव?" साहेबांनी गंजाकडे पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. "माहा मास्तर हाय," सोनाजीभाऊ म्हणाले. परवाना मिळाला.

मग त्यांनी माझ्याकडे एक मागणी केली. दप्तरातली मोऱ्यांची यादी. तो सरकारी कागद होता, त्यामुळे मी ती दिली नाही. पण मला पाठ असलेली गोष्ट मी कोणाला तोंडी सांगू नये असा नियम नव्हता. धामणगाव ते बुलढाणा लहानमोठ्या मिळून एकशेबारा मोऱ्या. मी सांगत गेलो आणि ते पाठ करत गेले. जेवताना म्हणत, वाफ्यात पाणी फिरवताना म्हणत. "सातव्या मैलाले दोन. एक डाव्या अंगाले बसलेली. आठव्याले एक. नवव्याले नाही." आठव्या मैलाला दोन होत्या. मी दुरुस्त केलं. ते माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहू लागले की मला संकोच वाटला.

दर रविवारी आम्ही दवाखान्यापर्यंत जाऊन येऊ लागलो. घाटाचा भाग माझ्याकडे होता. हातब्रेक धरत नसल्यामुळे चढावर मोटार थांबली की मागे सरके. बैलगाडीवाले घाटात करतात तेच आम्ही करायचं ठरवलं. माझ्या मांडीवर बाभळीची पाचर. मोटार थांबली की मी उडी मारायची आणि मागच्या चाकाखाली पाचर सारायची. माझं वय तेव्हा बेचाळीस, अंगात कोट. पहिल्या रविवारी मी राजूर घाटात एकोणीस वेळा उडी मारली. कोटाची शिवण गेली. शिंप्याने ती शिवताना कारण विचारलं. मी खरं सांगितलं. त्याने दोन दिवस ते गावभर सांगितलं.

मागून एस.टी. आली तर रांग लागे. एकदा ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "ओ काका, गाडी चालवून राह्यले का घाट मोजून राह्यले?"

"तू जाय बापा पुढं," सोनाजीभाऊ म्हणाले. "तुले टाइमावर पोचाचं हाय. मले तसंच्या तसं पोचाचं हाय."

घाटातल्या नोंदीवरून आमचा तिसरा वाद झाला. चढावर गंज कलतो, त्यामुळे काही पाणी गचक्याशिवायच सांडतं. ते वजा केलं पाहिजे, नाहीतर आकडा खोटा ठरतो, असं माझं म्हणणं होतं. मी कागदावर मांडूनही दाखवलं. सोनाजीभाऊंनी कागद पाहिला आणि परत दिला.

"चढ असो का उतार, बाबूजी," ते म्हणाले, "तिच्या पाठीले कारण सांगता येते काय?"

मी वजाबाकी खोडली.

दवाखान्यात पोचलो की ते पाय धुवून आत जात. मी बाहेर कडुलिंबाखाली बसे. एकदा दारातून मी दोघांचं बोलणं ऐकलं. चंद्रभागाबाई विचारत होत्या, "मळ्यात कोण हाय जी?" ते म्हणाले, "गडी लावला." "मिरची तोडली का जी?" "तोडली."  मग त्या म्हणाल्या, "लोक हासत असतीन तुमाले." ते म्हणाले, "हासू दे. दीड इंच राह्यलं आता." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बोटांऐवजी इंच म्हटले होते. चंद्रभागाबाईंना इंच म्हणजे काय ते बहुधा माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "हाव का? बरं झालं."

श्रावण संपता संपता डॉक्टरांनी सोनाजीभाऊंना आत बोलावलं, मलाही. प्लॅस्टर काढलं होतं. पण खालचा आणखी एक मणका पोखरला होता. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, इथे आणखी करण्यासारखं उरलं नाही, घरी न्या, घरचं वारं लागू द्या. आणि दिवस किती, ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

सोनाजीभाऊंनी हात वर केला. "कितीक दिवस, थे नका सांगू साहेब. कसं न्याचं, थे सांगा."

डॉक्टर म्हणाले, आडवं, सपाट, उशी नको, आणि धक्का लागता कामा नये. तेवढंच.

"थे जमते," सोनाजीभाऊ म्हणाले.

आणायचा दिवस बुधवार होता. मी रजा काढली. माझी बायको सुशीला बरोबर आली, कारण मागे चंद्रभागाबाईंचं डोकं धरायला बाईमाणूस हवं होतं. पुढच्या डाव्या सीटची पाठ काढून मागपर्यंत फळी टाकली होती, तिच्यावर दोन गाद्या. गंज आज घरी होता. चार जणांनी चादरीसकट उचलून त्यांना आत ठेवलं. त्यांचं वजन किती उरलं होतं ते मी सांगत नाही. सुशीलेने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांनी सुशीलेचं मनगट धरलं.

मी पुढे फळीच्या कडेला अंग चोरून बसलो. सोनाजीभाऊ अनवाणी बसले. "घे माय," म्हणाले. मोटार हलली हे मला झाडं मागे जाऊ लागली तेव्हा कळलं.

तसं चालवणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. घाट उतरायला एक तास पाच मिनिटं लागली. प्रत्येक मोरीआधी ते सांगत, "मोरी आली वं," आणि मोटार जवळजवळ थांबवून एक एक चाक पलीकडे उतरवत. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. गिअर एकदाही खरखरला नाही. मागे तीन एस.ट्या तुंबल्या, एकीच्याही ड्रायव्हरने भोंगा वाजवला नाही. पुढे निघताना त्यांतल्या एकाने सोनाजीभाऊंना हात केला. तो घाट मोजण्याबद्दल विचारणाराच होता की दुसरा, ते मी खात्रीने सांगू शकत नाही.

दर मोरीनंतर ते विचारत, "लागलं का वं?"

मागून उत्तर येई, "नाही जी."

मोताळ्याला त्यांनी मोटार सावलीत उभी केली. मागे वळून पाहिलं. चंद्रभागाबाई हसल्या. म्हणाल्या, "पाळण्यात असल्यावानी वाटून राह्यलं." सोनाजीभाऊंनी पुन्हा पुढे तोंड केलं आणि टॉवेलने चेहरा पुसला. बराच वेळ पुसत होते.

पंचवीस मैलांना चार तास दहा मिनिटं लागली. एकशेबारा मोऱ्या. गल्ली दारात उभी होती. उस्मानचाचा काठी टेकत आले होते. शिंप्यानेच पुढे होऊन फळीचं एक टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला मला भाकर वाढत होती. डाव्या हाताच्या बांगड्या तिने वर सारून त्याखाली चिंधी बांधली होती. भाजलं का म्हणून मी विचारलं. ती भाकरच वाढत राहिली. मी चिंधी सोडली. मनगटावर नखांच्या खुणा होत्या, काही ठिकाणी कातडी फाटलेली.

मी त्या मोजल्या. तेवीस होत्या.

"तिनं शपथ घातली आहे," सुशीला म्हणाली. "भाऊंना सांगायचं नाही. म्हणाली, ह्या माणसानं बावन्नाव्या वर्षी माझ्यासाठी मोटार शिकली. सगळ्या गावाचं हसं सोसलं. आता कोणत्या तोंडानं सांगू, का दुखलं म्हणून."

त्या दिवशी कचेरीत माझ्याकडून काम झालं नाही. मी एका कागदावर मांडून पाहिलं. एकशेबारा वजा तेवीस, म्हणजे एकोणनव्वद मोऱ्यांवर तिला काही झालं नसावं. पण नखं पुन्हा पुन्हा त्याच जागी रुतली असू शकतात, हे माझ्या लक्षात आलं. मग तो हिशेब मी सोडून दिला. दोष सोनाजीभाऊंच्या पायांचा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तो रस्ता माझ्या दप्तरातला होता. त्याची खडी कुठे उखडली आहे, हे मला दोन वर्षं माहीत होतं. मी तीन वेळा वर लिहिलं होतं. आणखी लिहायला हवं होतं.

चंद्रभागाबाई घरी पाच महिने होत्या. खाट पुढच्या पडवीत, गल्ली दिसेल अशी. आल्या-गेल्याशी त्या बोलत. सोनाजीभाऊ रोज विचारत, "चाल, पिंपळगावले नेऊन आणतो." पिंपळगाव राजा त्यांचं माहेर. तिथे त्यांचा भाऊ होता, म्हातारी आई होती, ती आता उठून येण्यासारखी राहिली नव्हती. त्या म्हणत, "उद्या जाऊ जी. आज कंटाळा आला." सोनाजीभाऊंना वाटे, आपल्याला त्रास नको म्हणून ती मागे सरते. ते मोटार पुसून तयार ठेवत. सुशीला हे कुंपणापलीकडून ऐके आणि आत येऊन बसे. एकदा मी तिला म्हणालो, आपण सांगायला हवं. ती म्हणाली, "सांगा. सांगून काय होईल ते आधी मला सांगा." 

माघात त्या गेल्या. आईची भेट राहिली.

याला आता पाच वर्षं होत आली. मोटार अजून आहे. सोनाजीभाऊ तिच्यातून मलकापूरला भाजी नेतात. वेग तोच, बैलगाड्या पुढे जातात. गावात आता चार मोटारी आहेत आणि कोणी त्यांना हसत नाही. हसणाऱ्यांपैकी काहींच्या घरची आजारी माणसं त्यांनी बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचवली आहेत. कोणी विचारलं की एवढंच म्हणतात, आडवं झोपवा, उशी काढा.

रविवारी दुपारी ते आमच्या ओट्यावर येतात. वांगी किंवा जे काही निघालं असेल ते आणतात. सुशीला चहा ठेवते. पाण्यापावसाचं बोलणं होतं, रस्त्याचं होतं. राजूर घाटात आता डांबर पडलं आहे, त्याचं होतं. मग ते बशी खाली ठेवतात आणि माझ्याकडे न पाहता विचारतात.

"बाबूजी, त्या दिवशी तिले एखादा तरी गचका बसला असंन का?"

"नाही," मी म्हणतो.

"तुमी मांगं पायत होते?"

"पाहत होतो. एकही नाही."

"तुमी पाव इंच सोडत नाही," ते म्हणतात. "म्हणून तुमालेच इचारतो."

आत सुशीलेच्या भांड्यांचा आवाज थांबलेला असतो. ते थोडा वेळ बसतात आणि उठतात.

मागच्या रविवारी त्यांनी चहाआधी विचारलं, आणि चहानंतर पुन्हा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो.